न दिसणारा क्षयसंसर्ग आणि प्राथमिक शाळेचे कर्तव्य
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



क्षयरोग हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते : खंगलेले शरीर, हटता न हटणारा खोकला, सायंकाळी चढणारा बारीक ताप आणि बेडक्यातून पडणारे रक्त. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या माणसांपैकी बहुतेकांच्या बाबतीत यांतले काहीच घडत नाही. त्यांना खोकला नसतो, ताप नसतो, भूक चांगली असते. मूल असेल तर ते शाळेत येते, पाढे म्हणते, मैदानावर धावते. तरीही त्याच्या फुप्फुसात किंवा एखाद्या गाठीत क्षयाचे थोडे जंतू जिवंत असतात. शरीराच्या संरक्षक पेशींनी त्यांना घेरून ठेवलेले असते, एवढेच. या अवस्थेला सुप्त क्षयसंसर्ग म्हणतात.

पूर्वी घरोघरी रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवीत व सकाळी फुंकर घालून त्यावरच चूल पेटवीत. सुप्त संसर्ग हा असाच राखेखालचा निखारा होय. राखेत आहे तोवर तो कोणाला पोळत नाही. म्हणूनच सुप्त संसर्ग असलेल्या मुलापासून शेजारी बसलेल्या मुलाला क्षय लागत नाही, ही गोष्ट आरंभीच पक्की ध्यानात घ्यावयास हवी. परंतु निखारा विझलेला नसतो हेही तितकेच खरे. उपासमार, मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, व्यसन किंवा नुसते कोवळे वय, यांपैकी कोणतीही गोष्ट फुंकर घालण्यास पुरते.

जगातील सुमारे एकचतुर्थांश माणसांच्या शरीरात हा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील लोकांमध्ये हे प्रमाण शेकडा सुमारे ३१ आढळले. संख्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही. संसर्ग झालेल्या १०० जणांपैकी साधारणतः ५ ते १० जणांनाच आयुष्यात केव्हा तरी प्रत्यक्ष रोग होतो. पण हा धोका सर्वांना सारखा नसतो आणि सर्वकाळ सारखाही नसतो. संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तो सर्वांत अधिक असतो. आणि पाच वर्षांखालील बालकांत तो इतका वाढतो, की क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून मूल काही आठवड्यांत दगावू शकते. ज्या घरात नुकताच क्षयाचा रुग्ण सापडला आहे त्या घरातील लहान मूल हे या सगळ्या प्रश्नाचे मर्मस्थान आहे, ते यामुळेच.

राखेखालचा हा निखारा ओळखण्याची युक्ती माणसाला एका अपयशातून सापडली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. शत्रू दिसला, पण शस्त्र हाती नव्हते. त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयानेच गेल्या. रोगाचे कारण जगाला कळले होते. उपाय मात्र कोणाजवळच नव्हता. १८९० मध्ये कॉख यांनी जंतूंच्या अर्कापासून ट्युबरक्युलिन नावाचे द्रव्य तयार केले आणि तो क्षयावरचा उपाय म्हणून पुढे ठेवला. उपाय म्हणून ते द्रव्य फसले. परंतु ज्याच्या शरीरात जंतू शिरून गेले आहेत त्याच्या त्वचेवर त्या द्रव्याने सूज येते, इतरांच्या येत नाही, असे दिसून आले. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये या गुणाचा उपयोग परीक्षेसाठी केला आणि वरवर निरोगी दिसणाऱ्या कितीतरी मुलांत संसर्ग असल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील शार्ल मांतू यांनी ते द्रव्य त्वचेच्या थरात सुईने टोचण्याची रीत सांगितली. तीच मांतू चाचणी आजही रूढ आहे.

ही चाचणी कशी होते हे शिक्षकाला ठाऊक असणे इष्ट आहे, कारण पालक पुष्कळदा त्यालाच विचारतात. कोपराखाली हाताच्या आतील बाजूस ०.१ मिलिलिटर द्रव्य टोचतात. त्या जागी लगेच लहानसा फोड उठतो व काही वेळाने मावळतो. खरा निकाल ४८ ते ७२ तासांनी पाहावयाचा असतो. त्या वेळी त्वचेवरची लाली मोजीत नाहीत. बोटाला लागणारा टणक फुगवटा आडव्या अंगाने मिलिमीटरमध्ये मोजतात. तो १० मिलिमीटर वा अधिक असला म्हणजे संसर्ग आहे असे सामान्यतः धरतात. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या बाबतीत ५ मिलिमीटरही पुरेसे मानतात. शुक्रवारी चाचणी टोचून घेतलेले मूल सोमवारी दुपारनंतर आरोग्य केंद्रात पोहोचले तर ठरलेली वेळ टळते आणि सारा खटाटोप वाया जातो. निकालाच्या दिवशी मुलाला वेळेवर सोडणे, त्याच्या पालकाला आदल्या दिवशी आठवण देणे, एवढे साधे काम शाळेने केले तरी ते मोलाचे आहे.

मांतू चाचणीला मर्यादाही आहेत. जन्मानंतर दिलेल्या बीसीजी लसीमुळे ती कधी कधी फसवा होकार देते. उलटपक्षी अत्यंत कुपोषित मुलाचे शरीर सूज आणण्याइतकेही प्रत्युत्तर देऊ शकत नाही आणि खोटा नकार मिळतो. या अडचणींवर तोड म्हणून अलीकडे रक्ताची एक तपासणी निघाली आहे. तीत रक्तातील पेशी क्षयजंतूच्या विशिष्ट प्रथिनांना ओळखून इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य सोडतात की नाही हे पाहतात. ही प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसल्याने लसीचा घोटाळा होत नाही. परंतु तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते. त्याच प्रथिनांचा उपयोग करून त्वचेवरची ‘सायटीबी’ नावाची नवी चाचणी डेन्मार्कमध्ये विकसित झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती भारतात आणली आणि २०२२ मध्ये तिला येथे मान्यता मिळाली. मांतूप्रमाणेच टोचून ४८ ते ७२ तासांनी तिचा निकाल पाहतात.

मात्र कोणतीही चाचणी झाली तरी तिचे उत्तर एकच असते : जंतूंची आणि या शरीराची भेट झाली आहे की नाही. जंतू निजलेला आहे की जागा झाला आहे, हे यांपैकी एकही चाचणी सांगू शकत नाही. त्यासाठी लक्षणांची विचारपूस, वजनाची नोंद, छातीचे क्ष-किरण चित्र आणि गरजेप्रमाणे बेडक्याची तपासणी करावी लागते. ही पायरी कदापि गाळता येत नाही. तिचे कारण अंकगणिताने समजण्याजोगे आहे. क्षयाच्या दर १० लाख जंतूंमागे साधारणतः एक जंतू असा असतो, की त्याच्यावर आयसोनायझिड या औषधाचा जन्मतःच परिणाम होत नाही. सुप्त संसर्गात जंतू फारच थोडे असतात. त्यांत असा एखादा निघण्याचा संभव जवळजवळ नसतो, म्हणून एका औषधानेही काम भागते. परंतु रोगाने पोखरलेल्या फुप्फुसाच्या एका पोकळीत १० कोटी जंतू असू शकतात. तेथे एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि न मरणारे सुमारे १०० जंतू मोकळ्या रानात वाढीस लागतात. मग ते औषध त्या रोग्याला कायमचे निरुपयोगी ठरते. म्हणून प्रत्यक्ष रोगाला एकाच वेळी अनेक औषधे, आणि रोग नाही अशी खात्री पटल्यावरच संसर्गाला एक वा दोन औषधे, असा नियम आहे.

आता खरा प्रश्न असा, की धडधाकट माणसाला औषध देऊन पुढचा रोग टळतो याला पुरावा काय? या प्रश्नाचे उत्तर उत्तर ध्रुवाजवळच्या अलास्कात मिळाले. आयसोनायझिड हे औषध क्षयावर चालते हे १९५२ मध्ये सिद्ध झाले होते. अलास्कातील बेथेल गावाच्या आसपासच्या आदिवासी वस्त्यांत त्या काळी क्षयाने कहर मांडला होता. कडाक्याची थंडी, लहान घरे, दाटीने राहणारी कुटुंबे, आणि हवेतून पसरणारा जंतू. अमेरिकन सार्वजनिक आरोग्यसेवेतील डॉ. जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९५७ मध्ये तेथील २८ गावांत एक प्रयोग आरंभिला. काही कुटुंबांना वर्षभर आयसोनायझिड आणि काही कुटुंबांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाच्या वाट्याला काय आले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. लोकांना जे घ्यावयास सांगावयाचे ते आपण आधी घेतले पाहिजे, या विचाराने डॉ. कॉमस्टॉक यांनी ते औषध स्वतः घेतले व आपल्या कुटुंबीयांनाही दिले. खरे औषध मिळालेल्या घरांत क्षयाचे प्रमाण निम्म्याहूनही पुष्कळ खाली आले. हे स्पष्ट होताच, ज्यांना पोकळ गोळ्या मिळाल्या होत्या त्यांनाही १९६३-६४ मध्ये खरे औषध देऊ केले गेले. १९ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही एका वर्षाच्या त्या औषधाचे संरक्षण टिकून असल्याचे दिसले.

औषध किती दिवस घ्यावे याचा धडा युरोपने दिला. पूर्व युरोपातील सात देशांत, छातीच्या चित्रात जुन्या क्षयाचे व्रण दिसणाऱ्या सुमारे २८,००० लोकांवर एक मोठा प्रयोग झाला व १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२ आठवडे आयसोनायझिड दिलेल्यांत रोगाचे प्रमाण शेकडा २१ ने घटले, २४ आठवडे दिलेल्यांत ६५ ने, आणि ५२ आठवडे दिलेल्यांत ७५ ने. या तीन आकड्यांत शिक्षकाला मुलांच्या हजेरीचे तत्त्वच दिसेल. तिसऱ्या महिन्यात सोडलेल्या औषधाने अल्प संरक्षण मिळते. सहा महिने नेटाने घेतलेले औषध तिप्पट फळ देते. भारतात रूढ असलेला दररोज सहा महिन्यांचा आयसोनायझिडचा क्रम याच हिशेबाशी जुळणारा आहे. याशिवाय आयसोनायझिड व रिफापेन्टिन ही दोन औषधे एकत्र करून आठवड्यातून एकदा, असे तीन महिन्यांत १२ वेळा घेण्याचा छोटा क्रमही आता उपलब्ध आहे. तो दोन वर्षांखालील बालकांना देत नाहीत.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, फुप्फुसाचा क्षय असलेल्या रुग्णाच्या घरातील सर्व व्यक्तींची तपासणी करून, ज्यांना प्रत्यक्ष रोग नाही त्यांना क्षयप्रतिबंधक उपचार द्यावयाचा आहे. पाच वर्षांखालील बालकाच्या बाबतीत रोग नसल्याची खात्री झाली की संसर्गाच्या चाचणीची वाट न पाहता उपचार सुरू करतात. मोठ्यांच्या बाबतीत चाचणी करणे चांगले. पण चाचणीची सोय नाही म्हणून उपचार अडवून ठेवू नये, असे धोरण आहे. घरातील रुग्णाचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असेल तर घरच्यांसाठी औषधही निराळे लागते आणि त्याचा निर्णय जिल्हा क्षयरोग केंद्रातील डॉक्टरच करतात. मात्रा वजनावर ठरते. एका मुलाच्या गोळ्या दुसऱ्यास देणे सर्वथा वर्ज्य होय.

औषधाचे दोषही झाकून ठेवू नयेत, कारण झाकलेली गोष्ट पुढे अफवा होऊन बाहेर पडते. आयसोनायझिडने काही थोड्या लोकांच्या यकृताला त्रास होतो. मुलांत हे विरळा घडते. प्रौढांत, विशेषतः मद्यपींत, अधिक घडते. सतत मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काही आढळल्यास गोळ्या थांबवून तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन, म्हणजे ब६ जीवनसत्त्व, सोबत देतात. रिफापेन्टिनने लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे, हे आधी सांगितलेले बरे. अनेक घरांत गोळ्या बंद पडतात त्या अशाच एखाद्या न समजावलेल्या गोष्टीने घाबरून.

शास्त्राची बाजू इतकी स्वच्छ असताना उपचार अडतो कोठे? तो दोन ठिकाणी अडतो. पहिली अडचण समजुतीची. “पोराला काही झालेले नाही, मग औषध कशाला?” असे आजी विचारते आणि तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. दुखल्यावाचून औषध घेऊ नये, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. त्याला उत्तर देताना शास्त्रीय शब्दांचा उपयोग होत नाही. राखेखालच्या निखाऱ्याचा होतो. पेरणीपूर्वी बियाण्याला औषध चोळतात ते बियाणे रोगट असते म्हणून नव्हे, हे शेतकऱ्याच्या घरात सहज पटते.

दुसरी अडचण लज्जेची, आणि ती अधिक कठीण आहे. घरात क्षय निघाला हे कळले तर मुलीचे लग्न मोडेल, शेजारी पाणी घेणार नाहीत, या भीतीने रोग्याचे नाव लपवले जाते. रोगी लपला की त्याच्या घरातील बालक आरोग्यसेविकेच्या यादीत येत नाही. आणि जे मूल यादीत नाही त्याचे संरक्षण होत नाही. लाज मोठ्यांची, पण तिची किंमत लहानांना द्यावी लागते. या भीतीला उत्तर ठरणारी एक गोष्ट आपल्याच देशात घडली आहे. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयचिकित्सा केंद्राने काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे, की घरी राहून औषध घेणारे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरच्यांना अधिक बाधा झाली नाही. नियमित औषध घेणारा रोगी घरात असणे ही आपत्ती नव्हे. औषध न घेणारा, लपून खोकणारा रोगी ही आपत्ती होय.

यावरून प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य कोणते ते आपोआप ठरते. रोगनिदान करणे हे त्याचे काम नव्हे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक खोकणारे, वारंवार ताप येणारे, वजन न वाढणारे वा मानेला गाठी आलेले मूल सर्वांत आधी त्याच्याच नजरेस पडते. अशा मुलाच्या पालकांशी त्याने एकांतात बोलावे व आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना कळवावे. वर्गात “तुझ्या घरी कोणाला टीबी आहे का?” असा प्रश्न कधीही विचारू नये. प्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या मुलाला वेगळे बसवू नये, त्याचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवू नये, त्याला शाळेतून घरी पाठवू नये. एका शिक्षकाने एका मुलाला मागच्या कोपऱ्यात बसविले की गावातील दहा घरे आपला रोगी लपवू लागतात.

शाळेच्या हजेरीपटाचाही येथे उपयोग आहे. मराठवाड्यातून व अहिल्यानगर जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. सहा महिन्यांचा उपचार आणि सहा महिन्यांचे स्थलांतर यांची येथे टक्कर होते. कोणते मूल कोणत्या आठवड्यात गाव सोडणार हे शाळेला आधी कळते. ही वार्ता वेळेवर आरोग्यसेविकेपर्यंत पोहोचली तर औषधाचा साठा कुटुंबाबरोबर जाऊ शकतो, नव्या ठिकाणच्या केंद्रास कळविता येते, किंवा १२ मात्रांचा छोटा क्रम शक्य आहे काय याचा विचार डॉक्टरांना करता येतो. आठवड्याची मात्रा असेल तर ती बाजाराच्या दिवशी घेण्याची सवय लावावी. तो दिवस कोणी विसरत नाही.

शेवटी अन्नाचा विचार. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका प्रयोगात क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना सहा महिने तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे पुरविली, तेव्हा त्यांच्यात क्षयाचे प्रमाण शेकडा ३९ ने कमी झाले. शाळेत शिजणारा पोषण आहार हाही क्षयाविरुद्धचा तटबंदीचा एक दगड आहे, हे या आकड्यावरून ध्यानात यावे. क्षयरुग्णाच्या घरातील मूल त्या पंगतीत रोज पोटभर जेवते की नाही, इकडे लक्ष देण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

प्रतिबंधक उपचाराचे यश डोळ्यांना दिसत नाही. जो रोग झालाच नाही त्याबद्दल कोणी आभार मानीत नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. प्राथमिक शिक्षणाचे यशही पुष्कळसे असेच असते; पेरणारा एक आणि पीक पाहणारा दुसरा. असे न दिसणारे काम वर्षानुवर्षे निष्ठेने करण्याची सवय समाजात कोणास असेल तर ती शिक्षकास आहे. म्हणूनच रुग्णाच्या घरातील निरोगी मुलापर्यंत औषध पोहोचविण्याच्या कामी आरोग्य खात्याला शिक्षकाची सोबत हवी आहे, आणि ती त्याने मनःपूर्वक द्यावी.